प्रागहून कोनोपिश्त्ये: एका दिवसात वाडा नीट कसा पाहावा

शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या गादीचा वारस आर्चड्यूक फ्रांझ फर्डिनांड येतो तो फक्त मरायला. २८ जून १९१४, साराजेव्हो, गाव्ह्रिलो प्रिन्सिपच्या गोळ्या, महिनाभरात पहिले महायुद्ध. ‘कारणे लिहा’मधले एक कारण लिहून झाले की आपण पुढच्या प्रश्नाकडे वळतो. पण हा माणूस त्याआधी पन्नास वर्षे जगला होता. त्यातल्या बऱ्याच वर्षांचा त्याचा संसार प्रागच्या आग्नेयेला सुमारे ५० किलोमीटरवर, बेनेशोव्ह गावाबाहेरच्या कोनोपिश्त्ये नावाच्या वाड्यात होता आणि तो बराचसा जागच्या जागी आहे. प्रागमध्ये तीन दिवस असाल, तर त्यातला एक इथे द्यावा असे माझे मत आहे.

बहुतेक जण प्रागबाहेर पडतात ते कार्लश्टेनचा किल्ला किंवा चेस्की क्रुमलोव्ह पाहायला. कार्लश्टेन लांबून पाहण्यात जास्त मजा आहे, आणि क्रुमलोव्हला एका दिवसात जाऊन यायचे तर निम्मा दिवस गाडीतच जातो. कोनोपिश्त्येला जायला तास-दीड तास लागतो आणि खरा ऐवज आत आहे. मात्र ठरवून गेलात तरच. नुसते उठून गेलात तर अंगण, खंदक आणि मोर पाहून परत याल.

आधी घराची ओळख

मूळ वास्तू किल्ल्याची. तेराव्या शतकाच्या अखेरीस प्रागच्या बिशपाने, तोबियाशने, फ्रेंच धाटणीचे गोल बुरूज असलेला कोट इथे उभारला. पुढे तो अडीचशेहून अधिक वर्षे श्टेर्नबेर्क घराण्याकडे होता. १६४८ मध्ये स्वीडिश फौजांनी तो लुटला. अठराव्या शतकात तटबंदीचा कडकपणा कमी करून त्याला राहत्या वाड्याचे रूप आले. हा सगळा भाग गाइड भराभर सांगतो, तुम्हीही भराभर ऐका.

गोष्ट खरी सुरू होते १८८७ मध्ये. त्या वर्षी फ्रांझ फर्डिनांडने लोब्कोविच घराण्याकडून हा वाडा विकत घेतला. तेव्हा तो चोवीस वर्षांचाही नव्हता, पण पैशाची ददात नव्हती: इटलीतल्या मोदेनाच्या शेवटच्या ड्यूकने १८७५ मध्ये मरताना आपली इस्टेट या लांबच्या नातलग पोराच्या नावे केली होती. अट एकच, ‘एस्ते’ हे घराण्याचे नाव लावायचे. म्हणून चेक पाट्यांवर त्याचे नाव ‘फ्रांतिशेक फर्डिनांड द’एस्ते’ असे दिसेल. वाड्याची दुरुस्ती योसेफ मोकर या वास्तुविशारदाने केली. प्रागच्या सेंट व्हाइटस कॅथेड्रलच्या कामावर आणि कार्लश्टेनच्या डागडुजीवर होता तोच हा. जुन्या बुरुजांच्या आत वीज, लिफ्ट, वाहते पाणी असलेली न्हाणीघरे अशी त्या काळी नवलाची वाटणारी सोय त्याने करून दिली.

त्याच्या बायकोचे, सोफी खोटेकचे, प्रकरण माहीत असले, तर वाडा वेगळा दिसतो. ती सरदार घराण्यातली, पण त्याच्या राजघराण्याच्या, म्हणजे हॅब्सबर्गांच्या, हिशेबात कमी कुळातली. १ जुलै १९०० रोजी लग्न झाले ते एका शपथेनंतर: बायकोला सम्राज्ञीपद नाही, मुलांना गादी नाही. व्हिएन्नाच्या दरबारी समारंभांत तिला नवऱ्याच्या बरोबरीने चालायचीही मुभा नव्हती, मानाच्या रांगेत ती मागे उभी राहायची. कोनोपिश्त्येत मात्र ती घरची मालकीण होती. सर्वांत मोठी मुलगी सोफी (१९०१) आणि धाकटा अर्न्स्ट (१९०४) यांचा जन्म याच वाड्यातला. त्यामुळे राजवाड्याच्या थाटापेक्षा इथल्या घरगुती खोल्या जास्त बोलतात. तिकीट काढताना हे ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: वार आणि महिना

सोमवारी जाऊ नका. चेक प्रजासत्ताकातले सरकारी वाडे-किल्ले सोमवारी बंद असतात आणि कोनोपिश्त्ये राष्ट्रीय वारसा संस्थेच्या ताब्यात आहे. हंगाम साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. शरदात वेळा आखडतात, आणि डिसेंबर ते मार्च आतल्या फेऱ्या एरवी बंद असतात. बाग-उद्यान मात्र बारा महिने खुले.

सर्वांत चांगला महिना जून. गुलाबाची बाग तेव्हा भरात असते, दिवस रात्री नऊपर्यंत लांबतो. शनिवार-रविवारी मात्र प्रागकर सहकुटुंब येतात आणि वाड्यात लग्नेही लागतात, म्हणून मंगळ ते शुक्र यांतला वार निवडावा. जुलै-ऑगस्टमध्ये चेक शाळांना सुटी असते, तेव्हा आडवारीही गर्दी राहते. ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा मला विशेष आवडतो. गुलाब नसतात, पण उद्यानातली झाडे पिवळी-तांबडी झालेली असतात आणि फेरीत गाइडला प्रश्न विचारायला सवड मिळते.

सहलीतला मोकळा दिवस नेमका सोमवार असेल तर हट्ट सोडा आणि प्रुहोनित्सेचे उद्यान पाहा. ते प्रागच्या दक्षिण वेशीवर, मेट्रोच्या सी मार्गावरील ओपातोव्ह स्थानकापासून बसने थोड्याच अंतरावर आहे. १८८५ पासून काउंट सिल्वा-तारौका याने वाढवलेले हे उद्यान जागतिक वारशाच्या यादीत आहे.

दुसरी पायरी: कोणती फेरी, आणि तिचे आरक्षण

वाड्यात एकट्याने हिंडता येत नाही. ठरलेल्या वेळी गाइड गटाला आत नेतो, प्रत्येक दालन उघडतो आणि मागचे बंद करत जातो. मुख्य फेऱ्या तीन, प्रत्येकीचे तिकीट वेगळे, प्रत्येकीला पाऊण ते एक तास.

पहिली फेरी दक्षिणेकडच्या दिवाणखान्यांची. पाहुण्यांसाठी राखलेली दालने यात येतात. जून १९१४ मध्ये, खुनाच्या जेमतेम दोन आठवडे आधी, जर्मनीचा कैसर दुसरा विल्हेल्म इथे पाहुणा म्हणून आला होता. सोबत नौदलाचा अॅडमिरल टिर्पिट्झही होता. सांगायला कारण गुलाब पाहण्याचे. युद्धानंतर या भेटीत काय शिजले यावर पुष्कळ तर्क लढवले गेले.

दुसरी फेरी उत्तर बाजूची: शस्त्रागार, प्रार्थनाघर, आणि पुरुषमंडळींची सिगार ओढायची पौर्वात्य थाटाची खोली. शस्त्रागार मोदेनाच्या वारशातून आलेले आहे आणि युरोपातल्या चांगल्या खासगी संग्रहांत त्याची गणना होते. चिलखते, नक्षीच्या बंदुका, हस्तिदंती मुठी, घोड्यांची साजे असे हजारो नग आहेत. शस्त्रांची आवड असेल तर ही फेरी चुकवू नका, नसेल तर अर्ध्या तासात जांभया येतील.

तिसरी फेरी आर्चड्यूकच्या खासगी खोल्यांची. एका वेळी अगदी थोडी माणसे आत सोडतात, म्हणून ती महाग आहे आणि लवकर भरते. नवरा-बायकोची दालने, मुलांचा वावर, भिंतीभर घरच्यांची छायाचित्रे, न्हाणीघर. इथे राजघराण्याची वस्तुसंग्रहालयी छाप कमी आणि कोणीतरी आत्ता उठून बाहेर गेल्यासारखा घरपणा जास्त.

माझा सल्ला: तिसरी आधी, पहिली नंतर. तिन्ही एका दिवसात करता येतात, पण करू नयेत. तिसऱ्या तासाला डोळ्यांसमोर फक्त शिंगे आणि सोनेरी चौकटी नाचायला लागतात. शस्त्रप्रेमींनी पहिलीच्या जागी दुसरी घ्यावी. तिसरी मात्र कायम ठेवावी.

तिसऱ्या फेरीचे आरक्षण वाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर आठवडाभर आधी करून टाका. इंग्रजी फेऱ्या दिवसातून मोजक्याच असतात आणि चेक फेरीपेक्षा महाग. इंग्रजीची वेळ जुळत नसेल तर चेक गटासोबत जा आणि तिकीटखिडकीवर इंग्रजी मजकुराची पाने मागून घ्या, ती शेवटी परत द्यायची असतात. या पानांवर बरेचदा गाइडच्या बोलण्यापेक्षा जास्त माहिती असते आणि मुकाट्याने वाचत भिंती न्याहाळता येतात. एका फेरीचे तिकीट काही शे कोरुनांचे. कोरुना म्हणजे ढोबळमानाने चार रुपये धरा. इथे युरो चालत नाही. कार्ड जवळजवळ सगळीकडे चालते, तरी स्वच्छतागृहासाठी दहा-वीस कोरुनांची नाणी खिशात असू द्या.

निवडलेल्या दोन फेऱ्यांतली आधीची दहाची आणि नंतरची दुपारी एकच्या सुमाराची पकडा. अशा वाड्यांत भरदुपारी बारा ते एक जेवणाची सुटी असते, तेव्हा त्या तासात तुम्हीही जेवून घ्या.

तिसरी पायरी: प्राग ते बेनेशोव्ह

गाडी प्रागच्या मुख्य स्थानकातून, म्हणजे प्राहा ह्लाव्ह्नी नाद्राझीवरून सुटते. मेट्रोचा सी मार्ग थेट खाली येतो. तिथे पाच मिनिटे हातात असली तर वरच्या मजल्यावरचा जुना घुमट पाहून घ्या. वास्तुविशारद योसेफ फान्ता याचे हे काम आहे, आणि खालच्या दुकानांच्या गर्दीत असलेल्या बहुतेकांना आपल्या डोक्यावर काय आहे याचा पत्ता नसतो.

तिकीट काढताना गावाचे नाव पूर्ण वाचा: ‘बेनेशोव्ह उ प्राही’, म्हणजे प्रागजवळचे बेनेशोव्ह. याच नावाची आणखी गावे आहेत. त्यातले एक उत्तरेला प्लोउच्नित्से नदीकाठी, दुसरे दक्षिणेला ऑस्ट्रियाच्या सीमेजवळ. फोनवर घाईघाईने पहिला पर्याय दाबणाऱ्याची दिवसभराची सोय लागते.

दोन प्रकारच्या गाड्या आहेत. एस-९ ही उपनगरी गाडी व्हर्शोवित्से, होस्तिवार्झ, र्झीचानी, स्त्रान्चित्से, चेर्चानी अशी थांबत तासाभरात पोहोचवते. ताबोर आणि चेस्के बुद्येयोवित्सेकडे जाणारी जलद गाडी पाऊण तासाच्या आत नेते. दोन्हींची ये-जा दिवसभर असल्यामुळे आरक्षणाची गरज नाही. सकाळी आठच्या आसपासची गाडी धरा.

प्राग शहराचा दिवसाचा पास बेनेशोव्हपर्यंत पुरत नाही. तो शहराच्या हद्दीपुरताच, पुढच्या परिक्षेत्रांसाठी वेगळे तिकीट लागते. शहर वाहतुकीच्या अॅपवर, चेक रेल्वेच्या अॅपवर किंवा खिडकीवर ते मिळते. मुले आणि ६५ वर्षांपुढचे यांना रेल्वेभाड्यात सवलत आहे, वय दाखवायला पासपोर्ट जवळ ठेवा. तसाही तो परदेशी माणसाने सोबत बाळगायचाच असतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो, पण तुम्ही प्रागमध्ये आहात म्हणजे ते सोपस्कार झालेले असणार.

फलाट शेवटच्या काही मिनिटांत फलकावर झळकतो. डब्याचे दार आपोआप उघडत नाही, बटण दाबावे लागते. दारापाशी उभे राहून कोणी उघडेल याची वाट पाहू नका.

बेनेशोव्हला उतरल्यावर स्टेशनाची इमारत नजरेखालून घाला. आर्चड्यूकच्या येण्या-जाण्यासाठी इथे खास प्रतीक्षादालन होते, ते पुन्हा सजवले आहे. कैसर विल्हेल्मही रेल्वेनेच आला होता.

मोटारीने यायचे असेल तर डी-१ महामार्गाने मिरोशोवित्सेपर्यंत आणि पुढे रस्ता क्रमांक ३. महामार्गासाठी ऑनलाइन पथकर भरावा लागतो, भाड्याच्या गाडीत तो आधीच भरला आहे का ते विचारून घ्या. वाहनतळ वाड्याच्या खाली आहे आणि तिथूनही दहा-पंधरा मिनिटे चढ आहेच.

चौथी पायरी: स्टेशन ते वाडा

अंतर दोन-अडीच किलोमीटर. सावकाश चालले तरी चाळीस मिनिटे. बस आणि टॅक्सी आहेत, पण पाय धड असतील तर चाला. गावाचा मोठा रस्ता ओलांडला की पुढचा बराचसा भाग झाडीतून जातो, आणि बुरुजाचे टोक झाडांवर दिसेपर्यंत तुमचा प्रागचा कोलाहल उतरलेला असतो.

वाट चुकायची भीती नाही. झाडांवर, खांबांवर तीन आडव्या पट्ट्या रंगवलेल्या दिसतील: वरखाली पांढऱ्या, मध्ये एक रंगीत. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या चेक पर्यटक मंडळाची ही खूण देशभर आहे. सह्याद्रीत दगडावरचे चुन्याचे बाण शोधत फिरलेल्या माणसाला ही शिस्त पाहून हेवा वाटतो. मधला रंग तोच राहिला पाहिजे एवढे पाहा. फोनवर ‘मापी’ हे चेक नकाशा-अॅप घ्या आणि निघण्याआधी तो भाग उतरवून ठेवा. पायवाटांच्या बाबतीत ते फार नेमके आहे.

बूट सपाट तळव्याचे, घट्ट. शेवटचा चढ आणि अंगण दगडी आहे, पाऊस पडला की घसरते. जूनमध्येही पातळ स्वेटर घ्या, जाड भिंतींच्या आत गारवा असतो. आणि एक सूचना, जी मराठी घरांत सहसा कोणी देत नाही: वसंतापासून शरदापर्यंत चेक गवतात गोचिडी असतात आणि त्यांच्यामुळे गंभीर आजार होऊ शकतात. उंच गवतात बसू नका, पायघोळ पँट घाला, रात्री मुलांचे पाय आणि गुडघ्यांच्या मागची बाजू तपासा.

फेरीच्या वीस मिनिटे आधी अंगणात पोहोचा. पूल ओलांडताना खाली कोरडा खंदक दिसेल. इथे अस्वल ठेवायची जुनी पद्धत आहे आणि मुलांचा गट कठड्याला चिकटलेला असेल. अंगणातच तिकीटखिडकी आहे, पाटीवर ‘पोक्लाद्ना’. ‘व्हिप्रोदानो’ लिहिले असेल तर त्या वेळेची तिकिटे संपली. आत शिरताना ‘दोब्री देन’ म्हणा. चेक माणूस अनोळख्याशी हसून बोलत नाही, पण नमस्कार न करणाऱ्याची तो नोंद घेतो.

पाचवी पायरी: आत

पाठीवरची पिशवी पोटावर घ्या. फ्लॅश कुठेच चालत नाही. साध्या छायाचित्रांची परवानगी कुठे आहे, कुठे नाही, ते सुरुवातीलाच विचारा, मध्येच फोन काढून ओरडा खाऊ नका. गटात पुढे राहण्याची धडपड करू नका. गाइड बोलत असताना सगळे त्याच्या तोंडाकडे पाहतात, तेवढ्यात मागच्या माणसाला भिंती मोकळ्या मिळतात.

भिंतींवर काय आहे? शिंगे. जिन्यात शिंगे, बोळात शिंगे, दारावर शिंगे, आणि मध्ये मध्ये काचेमागे दात, नख्या, भुसा भरलेले पक्षी. कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये पेंढा भरलेले वाघ-बिबळे पाहिले असतील, तर प्रकार कळेल. इथले प्रमाण मात्र आकलनापलीकडचे आहे. आर्चड्यूकच्या शिकारीच्या नोंदवह्यांतला आकडा पावणेतीन लाख प्राण्यांच्या घरात जातो. हाकाऱ्यांनी पुढ्यात हाकललेले पक्षी, ससे यात आले तरी तो आकडा नीट पचत नाही. काही ट्रॉफ्यांखाली जागा आणि तारीख लिहिलेली आहे, ती वाचत जा.

त्यांत हिंदुस्थानही भेटतो. डिसेंबर १८९२ मध्ये फ्रांझ फर्डिनांड त्रिएस्तेहून ‘कैसरिन एलिझाबेथ’ या युद्धनौकेवरून जगप्रवासाला निघाला आणि श्रीलंका करून जानेवारी १८९३ मध्ये मुंबईला उतरला. तिथून हैदराबादला निजामाचा पाहुणचार, राजस्थानातली संस्थाने, नेपाळच्या तराईत हत्तीवरून वाघाची शिकार, असा तो हिंडला. प्रवासाची रोजनिशी पुढे दोन खंडांत छापली गेली. आपल्या मुंबईच्या बंदरावर उतरलेला तिशीच्या आतला हा पाहुणा एकवीस वर्षांनी कोणत्या कारणाने सगळ्या जगाला माहीत होणार आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती. या वाड्यातल्या वाघाच्या कातड्यासमोर मराठी माणूस क्षणभर जास्त रेंगाळतो ते त्यामुळे.

पावणेतीन लाख जीव घेणाऱ्या या माणसाच्या खासगी खोल्या मात्र अगदी वेगळ्या. मुलांची छायाचित्रे जिथे तिथे, तिघांचीही. तो तापट होता, नोकरांना त्याचा धाक होता, दरबारात त्याला फारसे कोणी आवडत नव्हते, आणि घरात तो बायको-मुलांत रमलेला होता. हे दोन्ही एकाच घरात पाहायला मिळते. गाइड त्यावर भाष्य करत नाही, तेच बरे.

मुलांचे पुढे काय झाले हे पुष्कळदा फेरीत घाईत उरकले जाते, म्हणून इथे सांगतो. आईवडील गेले तेव्हा ती बारा, अकरा आणि दहा वर्षांची होती. युद्धानंतर १९१९ मध्ये नव्या चेकोस्लोव्हाकियाने त्यांना घराबाहेर काढले आणि वाडा सरकारजमा झाला. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर दोघा भावांना डाखाउच्या छळछावणीत धाडले, कारण त्यांनी हिटलरला उघड विरोध केला होता. वारसांनी वाडा परत मिळावा म्हणून या शतकात कोर्टात दाद मागितली, ती फेटाळली गेली.

एक वस्तू शोधून पाहा: साराजेव्होत झाडलेली गोळी या वाड्यात जपलेली आहे. ती कुठे मांडली आहे ते फेरीच्या सुरुवातीला गाइडला विचारून ठेवा.

मधली सुटी: काय खावे, काय टाळावे

वाड्याच्या आसपास आणि खाली वाहनतळाजवळ खाणावळी आहेत. परिसर शिकारीचा, त्यामुळे हरणाचे आणि रानडुकराचे पदार्थ फलकावर ठळक असतात. मांस खाणाऱ्याने इथे ते खाऊन पाहावे, प्रागच्या चौकातल्यापेक्षा बरे आणि स्वस्त.

गोमांस टाळणाऱ्यांनी ‘होव्येझी’ हा शब्द लक्षात ठेवावा. गुलाश बहुधा त्याचेच असते, आणि मलईच्या रश्शातली प्रसिद्ध ‘स्विच्कोव्हा’ही. ‘वेपर्झोवे’ म्हणजे डुकराचे, ‘कुर्झेत्सी’ कोंबडीचे. शाकाहाऱ्याने यादीतला ‘बेझमासा यीड्ला’ हा बिनमांसाचा विभाग गाठावा. तिथे ‘स्माझेनी सीर’ मिळते: चीजचा जाड तुकडा पावाच्या चुऱ्यात घोळून तळलेला, सोबत बटाटा. रोज खाण्याची वस्तू नव्हे, पण चढ चढून आलेल्याला धकते. बटाट्याचे सूप घेण्याआधी त्यात खारवलेले डुकराचे मांस घातले आहे का विचारा, बरेचदा असते. पक्के शाकाहारी असाल तर दशम्या आणि चटणी प्रागहूनच बांधून न्या. उद्यानातल्या बाकावर बसून खायला कोणी हरकत घेत नाही, कागद-पिशव्या तेवढ्या मागे ठेवू नका.

सहावी पायरी: बाग

दुपारची फेरी संपली की दोन वाजलेले असतात. आता घड्याळ विसरा. उद्यान सुमारे २२५ हेक्टरांचे आहे, इंग्रजी धाटणीचे: आखीव वाफे नाहीत, उतारावरचे मोठे वृक्ष, मधून वळणाऱ्या वाटा, खाली तलाव. आर्चड्यूकला शिकारीखालोखाल बागेचे वेड होते. गुलाबबाग स्वतंत्र आहे, वाड्यापासून थोडी चाल. जूनमध्ये तिथे तासभर सहज जातो. फुले नसली तर अर्धा तास पुरे.

दक्षिणेकडच्या गच्चीवर इटालियन घाटाचे पुतळे आणि कुंड्या आहेत, छायाचित्रासाठी वाड्याचा सर्वांत चांगला कोन तिथूनच मिळतो. तिच्याच खाली सेंट जॉर्जचे संग्रहालय. भाल्याने राक्षसी सापाला मारणारा हा घोडेस्वार संत फ्रांझ फर्डिनांडला इतका आवडे की त्याने चित्रे, लाकडी मूर्ती, पदके, फरशा, जे मिळेल ते हजारोंनी जमवले. त्यात अप्रतिमही आहे आणि जत्रेतल्या दुकानात शोभेल असेही. संग्राहकाचा हव्यास म्हणजे काय, हे पाहायला वीस मिनिटे द्या. मुले सोबत असतील तर आर्चड्यूकचे हलत्या निशाणांचे जुने यांत्रिक नेमबाजीघर त्यांना दाखवा, त्यांना वाड्यातल्या सगळ्यापेक्षा तेच जास्त आवडते.

आई-वडील सोबत असतील तर आखणी बदला. फेऱ्यांमध्ये जिने आहेत आणि मध्येच बाहेर पडता येत नाही. बसायला खुर्च्या दिसतात त्या सगळ्या दोरीपलीकडच्या. त्यांच्यासाठी एकच फेरी, स्टेशनवरून टॅक्सी, आणि उरलेला वेळ गुलाबबागेत. गुडघे फारच कुरकुरत असतील तर वाडा सोडून फक्त बाग आणि तलावाची वाट केली तरी दिवस वाया जात नाही. तान्ह्या बाळाची ढकलगाडी आत नेता येत नाही, कडेवर घ्यायची तयारी ठेवा.

परत

साडेचारला उद्यानातून निघालात तर सहा-सव्वासहाला प्रागमध्ये. परतीची गाडी अॅपवर पाहून ठेवा, पण तिच्यासाठी धावू नका, मागून दुसरी येतेच. संध्याकाळी प्रागकडे जाणारे डबे मोकळे असतात, गर्दी उलट दिशेला असते.

तुमचा पुढचा मुक्काम व्हिएन्ना असेल, तर तिथल्या लष्करी इतिहासाच्या संग्रहालयासाठी अर्धा दिवस काढा, आणि साराजेव्होच्या वस्तूंचे दालन त्या दिवशी खुले आहे याची आधी खात्री करा. साराजेव्होत आर्चड्यूक बसला होता ती ग्रेफ उंड श्टिफ्ट बनावटीची उघडी मोटार आणि त्याचा रक्ताचे डाग पडलेला अंगरखा तिथे आहेत. या दोन गोष्टी कोनोपिश्त्येत शोधत बसू नका. नवरा-बायकोच्या कबरीही इथे नाहीत, व्हिएन्नाच्या शाही तळघरातही नाहीत. त्या ऑस्ट्रियात आर्टश्टेटेनला आहेत. सोफीला शाही तळघरात जागा मिळणार नाही हे ठाऊक असल्याने आर्चड्यूकने हयातीतच आर्टश्टेटेनला दोघांसाठी जागा बांधून ठेवली होती. व्हिएन्नाहून पश्चिमेला, डॅन्यूब खोऱ्यातल्या मेल्कपासून ते जवळच आहे, म्हणून मेल्कचा मठ पाहायला जाणाऱ्यांना वाट वाकडी करून तिथे जाता येते.